पालबंदरचा मचवा, मुक्काम बेंगळूर

बुडालेल्या मचव्याचा तपास करायला मी बेंगळूरला जाऊन आलो, असं सांगितलं की ऐकणारा आधी नकाशा आठवतो आणि मग माझं वय. दोन्ही बाबतींत त्याची शंका रास्त आहे. बेंगळूरला समुद्र नाही आणि मला सहासष्टावं चालू आहे. तरी मी गेलो. जे गेलेले नाहीत, आणि अशा कामासाठी जाण्याची वेळही ज्यांच्यावर येणार नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मचवा आमच्या पालबंदरचा. नाव गंगाप्रसाद. माझ्या जन्माच्या आधी, नारळी पौर्णिमेला चार दिवस असताना, तो खाडीच्या तोंडाशी उलटला आणि नऊ माणसं गेली. पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी बाहेर काढायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तांडेलानं, म्हणजे मचवा हाकणाऱ्यानं, ती काढली. वर दुसऱ्या दिवशी वाळूवर काथ्याच्या दोरीसकट दोन सुके नारळ सापडले. म्हणजे नारळ बरोबर नेले होते आणि तरी समुद्राला दिले नाहीत, असं गावानं ठरवलं. नऊ जणांची प्रेतं मिळाली, तांडेलाचं मिळालं नाही. माणूस पट्टीचा पोहणारा. तेव्हा तो सगळ्यांना सोडून पोहत निसटला आणि कुठेतरी नाव बदलून राहिला, हे ओघानं आलंच. तो तांडेल म्हणजे माझे आजोबा.

आजीनं शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. गावानं तोही पुरावा धरला. माणूस गेल्याची बातमी आली की घरच्यांनी आंघोळ करायची असते, ती आमच्या घरात कोणी केली नाही, कारण तशी बातमीच आली नाही. पितृपक्षात आम्ही सगळ्यांची नावं घेतो. वडील गेल्यावर त्यांचंही घेऊ लागलो, पण त्यांच्या वडिलांचं नाही. माझी शेवंताआत्या तेव्हा नऊ वर्षांची होती, आता चौऱ्याऐंशीची आहे. तिचं लग्न झालं नाही. पळपुट्याची मुलगी करून घ्यायला कोणी आलं नाही.

यंदा गावानं धक्क्यावर बुडालेल्यांच्या नावांचा दगड बसवायचं ठरवलं. नऊ नावं. मी समितीच्या बैठकीत जाऊन दहाव्याचं विचारलं. अध्यक्ष भला माणूस आहे, त्यांचे आजोबा त्या नऊंत होते. ते म्हणाले, "पुरावा आणा, घालू. नाहीतर ज्यानं बुडवलं त्याचं नाव बुडालेल्यांत कसं घालणार?" मला राग आला. पण एसटीच्या डेपोत बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून मी अपघातानंतरचे ड्रायव्हरांचे जबाब वाचले आहेत, आणि खरं सांगायचं तर आजोबा पोहून गेले असावेत, असंच माझंही मत होतं. आत्याकडे मी ते कधी बोललो नाही.

धागा देवळातल्या भटजींनी दिला. दर नारळी पौर्णिमेआधी त्यांना बेंगळूरहून पत्र येतं: माझ्या नावे दोन नारळ समुद्रात सोडावेत. एक नाही, दोन. सही वसंत गोविंद, आणि वर इंदिरानगरचा छापील पत्ता. मचव्यातून वाचला होता तो एकच जीव, गोविंद मास्तरांचा सहा वर्षांचा मुलगा वसंत. मास्तर बुडाले. त्यांची बायको मुलाला घेऊन भावाकडे निघून गेली, ती परत आली नाही. भटजींना ही पत्रं कित्येक वर्षं येत होती. मला का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाले, विचारलंत कुठे?

मी त्या पत्त्यावर पत्र टाकलं, ते परत आलं. तेव्हा स्वतःच जायचं ठरलं.

आत्यानं फणसाच्या तळलेल्या गऱ्यांची दोन पुडकी बांधली, एक माझ्या भाचीसाठी, एक त्या माणसासाठी. फडक्यात घालून वर सुतळी. ती गाठ तिला तिच्या वडिलांनी शिकवलेली. ती एका हातानं मारायची असते, आणि आत्याशिवाय घरात कोणालाच सुटत नाही. निघताना ती म्हणाली, "दगडाचा तुमी काय ता बघा. माका फक्त इचारून ये, बाबा उडी मारून गेले काय नाय."

इलेक्ट्रॉनिक सिटी

भाची मुग्धा राहते त्या इमारतीला समुद्रकिनाऱ्याचं इंग्रजी नाव आहे. शेजारच्या इमारतीला बेटाचं. मी गच्चीवर जाऊन खात्री केली. चारी बाजूंना इमारती, एक उंच पूल आणि त्यावर उभी वाहनं. ती चालू आहेत असं मुग्धानं सांगितलं. आमच्या डेपोत एवढ्या गाड्या एका जागी उभ्या राहिल्या असत्या तर मला निलंबित केलं असतं.

"मामा, सीरियसली, तू बोट शोधायला बँगलोरला आलायस?" मुग्धा म्हणाली. "मी ऑफिसमध्ये सांगितलं ना, तर मॅनेजर मला लगेच लीव्ह देईल. सिम्पथीनं."

"मग सांग," मी म्हटलं.

तिनं सांगितलं, आणि मॅनेजरनं खरोखर एक दिवस दिला. मुलगी दिवसभर हिंदीत काम करते, इंग्रजीत वैतागते आणि मराठीत जेवायला बोलावते. रात्रीचं सांबार खालच्या मेसमधून आलं. त्यात गूळ होता. आमटीत गूळ आम्हीही घालतो, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. तक्रार होती ती मासे नसल्याची, पण ती मी कोणाकडे करणार?

तिच्या वाटच्या पुडक्याची गाठ सोडायला ती दहा मिनिटं बसली. मग मोबाइलवर गाठींचे व्हिडिओ पाहिले. मग कात्री आणली.

इंदिरानगर

पत्त्याच्या जागी घर नव्हतं, हॉटेल होतं. दारात पितळेचे दिवे, आत मंद उजेड, आणि फाटकाला जुनी हिरवी पत्रपेटी. तिच्यावर पांढऱ्या रंगात वसंत गोविंद असं इंग्रजीत लिहिलेलं. ती तशीच का ठेवली, हे मी मॅनेजरला मुग्धामार्फत हिंदीत विचारलं. शोभेसाठी, असं उत्तर आलं. पेटीचं तोंड आतून बंद केलं होतं, म्हणजे माझ्या पत्राचा काही दोष नव्हता.

मॅनेजरला जुन्या मालकाबद्दल माहिती नव्हती. माहिती होती ती वॉचमनला, पण तो कन्नडच बोलत होता. मुग्धाला कन्नड येतं ते भाजी आणि रिक्षा यांपुरतं. तिनं ते सगळं वापरलं. वॉचमननं "स्वल्प इरी" म्हणून हात केला, म्हणजे जरा थांबा, आणि आत जाऊन एक कळकट चिठ्ठी घेऊन आला. कोणी विचारत आलं तर द्यायची म्हणून म्हाताऱ्यानं घर विकताना ती त्याच्याकडे ठेवली होती. आजवर विचारत कोणी आलं नव्हतं. चिठ्ठीवर पीण्या नावाच्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपचा पत्ता होता, खाली वेळ: दहा ते एक.

घराचा पत्ता नाही, वेळ मात्र आहे. हा माणूस मला पटायला लागला.

इतक्या लांब आलो म्हणून आम्ही तिथेच जेवलो. डोशाचा कोन करून तो उभा आणला होता. मोडायचं कुठून हे ठरेना, म्हणून मी वरून सुरुवात केली आणि तो शेजारच्या टेबलावर पडला. तिथल्या बाई सॉरी म्हणाल्या. चूक माझी होती, पण इथली पद्धत असेल म्हणून मी काही बोललो नाही.

पीण्या

मेट्रोत शिरताना सामान यंत्रातून जातं. पुडकं गेलं आणि पडद्यामागच्या बाईंनी ते उघडायला सांगितलं. मी म्हटलं, उघडत नाही. त्यांनी स्वतः प्रयत्न केला. मग एक जवान आला, त्यानं दातांनी केला. मागे रांग लागली. शेवटी त्यांनी वास घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि मला जाऊ दिलं. मुग्धा त्या दिवशी कामावर होती, मी एकटाच होतो. गाडी मात्र फलकावर लिहिलेल्या मिनिटाला आली. मी टोपी काढली.

पीण्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना लहान लहान कारखाने, लेथचे आवाज आणि तेलकट ओल्या कचऱ्याचा वास. वर्कशॉप सापडलं. मालक पन्नाशीचे, कपाळाला गंध, हात काळे. मी मोडक्या हिंदीत सुरुवात केली तर ते मराठीत म्हणाले, "बसा अण्णा, बसा. मी रामोजी. आमी शहाजीराजांच्या वक्तापासून हितंच. घरात मराठी, भायेर कन्नड. आमचं मराठी तुमच्यागत नाही हां, हसू नका."

मी हसलो नाही. घरापासून इतक्या लांब कोणी आपल्या भाषेत बसा म्हटलं, तर हसू येत नाही, माणूस बसतो. त्यांनी कॉफी मागवली. वाटीएवढ्या पेल्यात आली, आणि मी दुसरी मागितली. मग वसंत गोविंदांचं विचारलं.

"सार येतात दहाला," रामोजी म्हणाले. "सरकारी कारखान्यात इन्स्पेक्टर होते. विमानाचे पार्ट तपासायचे. रिटायर झाले नि हितं येऊन बसले. फुकट. मी बोलावलं नाही, त्यांनी विचारलं नाही. त्यांनी पार्ट परत टाकला की कस्टमर परवडला म्हणायचं."

दहाला दोन मिनिटं कमी असताना ते आले. ऐंशी ओलांडलेले, काटकुळे, खिशात दोन पेनं. टेबलाशी बसून त्यांनी मापयंत्र पुसलं आणि एक पिन उचलून मोजली. बाजूला ठेवली. दुसरी मोजली आणि लाल डब्यात टाकली.

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"कोणाचे तुम्ही?"

"रघू तांडेलाचा नातू."

ते लगेच म्हणाले, "मी सहा वर्षांचा होतो. मला काही आठवत नाही." मराठी जुन्या पाठ्यपुस्तकातलं, सावकाश. बत्तीस वर्षांचा अनुभव सांगतो, की काही आठवत नाही हे वाक्य ज्याला सगळं आठवतं तोच इतक्या पटकन बोलतो. पण वाद घालायला मी आलो नव्हतो. मी पुडकं पुढे केलं. म्हटलं, माझ्या आत्यानं दिलंय, तांडेलाच्या मुलीनं.

त्यांनी ते मांडीवर घेतलं. नजर त्या लाल डब्याकडे. बोटं सुतळीवर फिरली, अंगठा एका फेऱ्याखाली गेला, एक टोक त्यांनी वर ढकललं आणि गाठ सुटली. जवानाच्या दातांना आणि मुग्धाच्या व्हिडिओंना न सुटलेली गाठ त्यांनी न बघता सोडली.

मग त्यांनी हातातल्या सुतळीकडे पाहिलं.

"ही मला त्या दिवशी फार वेळ सुटत नव्हती," ते म्हणाले. "बोटं गारठली होती."

रामोजींनी लेथ बंद करायला सांगितलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

वसंतरावांनी जे सांगितलं ते असं. त्यांनी खेळताना नाकात चिंचोका घातला होता. तो निघेना. दोन दिवसांत फुगला. गावचा वैद्य म्हणाला, वर चढला तर मेंदूत जाईल, पलीकडच्या बंदरातल्या डॉक्टरकडे न्या. तांडेल नाही म्हणाला. नारळ झाला नाही, खाडीच्या तोंडाशी पाणी फुटतंय, पौर्णिमेपर्यंत थांबा. गोविंद मास्तरांनी त्याचे पाय धरले. मास्तरांनी गावातल्या अर्ध्या लोकांना अक्षर शिकवलेलं. तांडेलानं मचवा काढला, आणि पौर्णिमेआधी निघतोय म्हणून समुद्राची माफी मागायला दोन सुके नारळ बरोबर घेतले. तोंडाशी पोचल्यावर सोडायचे. मचवा निघाला हे कळताच लोक धक्क्यावर जमले. कोणाची कोर्टात तारीख होती, कोणाला बाजार करायचा होता. जातोच आहेस तर आम्हीपण येतो, असं म्हणत आठ जण चढून बसले, त्यांत तो वैद्यही. नारळ झाला नाही हे त्या आठांनाही माहीत होतं.

"तोंडाशी पहिली लाट आली तेव्हा त्यानं नारळ हातात घेतले होते," वसंतराव म्हणाले. "मला वाटलं, आता फेकेल. त्यानं ते माझ्या कमरेला बांधले."

कोकणात मुलांना पोहायला असंच शिकवतात, सोडणासकट, म्हणजे वरच्या सालीसकट, सुके नारळ कमरेला बांधून. मीही तसाच शिकलो. पंच्याहत्तर वर्षं गावातल्या एकाही माणसाला त्या वाळूवरच्या नारळांवरून हे सुचलं नाही. मलाही नाही. याची मला शरम वाटली, आणि अजून वाटते.

"मग मला ढकललं. पाण्यात पडलो, नाकातोंडात पाणी गेलं, जोरात शिंकलो, आणि चिंचोका निघाला." त्यांनी नाकाला बोट लावलं. "तिथेच निघाला. वाळूवर लागलो तेव्हा श्वास अगदी मोकळा होता. नारळ सोडून ठेवले आणि चालत घरी गेलो. आईला चिंचोक्याचं सांगितलं. ती म्हणाली, हे आता कोणाला सांगायचं नाही."

एक चिंचोका, वडील धरून नऊ माणसं, आणि वर माझे आजोबा. या माणसानं पुढचं सगळं आयुष्य पिना मोजण्यात घालवलं, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

मी दगडाचं सांगितलं. समितीला पुरावा हवा आहे म्हटलं. आणि आत्याचा प्रश्न सांगितला.

"लिहून देतो," ते म्हणाले. "पण मी जे पाहिलं तेवढंच लिहीन. न मोजलेलं मी कधी लिहिलं नाही."

त्यांनी वर्कशॉपचा तपासणीचा छापील फॉर्म ओढला. त्यांना दुसऱ्या कागदावर खरं लिहिण्याची सवय नव्हती. भागाचं नाव या रकान्यात लिहिलं: तांडेल. संख्या: एक. खाली मराठीत, एकेक अक्षर आठवत, लिहीत गेले. मी ते जसंच्या तसं उतरवतो.

"दारू प्याला होता काय: वास आला नाही. परंतु एका नाकपुडीत चिंचोका असल्यामुळे हे निरीक्षण ग्राह्य धरू नये.

नारळ समुद्राला दिले काय: नाही. मला दिले.

बोटीतून प्रथम कोण उतरले: मी.

तांडेल उतरला काय: नाही. लाटेत सुकाणू हातातून सुटू नये म्हणून त्याने त्याचा दांडा दोरीने डाव्या मनगटाला बांधून घेतला होता. माझी गाठ त्याने एका हाताने मारली. मचवा उलटला तेव्हा हात बांधलेलाच होता. सोडताना मी पाहिला नाही."

मी म्हटलं, चिंचोक्याचं गाळलंत तरी चालेल, गाव बोलेल.

"ते गाळलं तर बाकीचं कशाला खरं मानतील?" ते म्हणाले. "बोलू दे. मी ऐकायला हवं होतं तेव्हा इथे येऊन बसलो."

त्यांच्याकडे दोन शिक्के होते, एक लाल, एक हिरवा. त्यांनी हिरवा उचलला, फुंकर घातली आणि कागदावर मारला. रामोजी मागे उभे होते. ते हळूच म्हणाले, "सरी सार," म्हणजे बरोबर आहे, सर. मग आम्ही तिघांनी गरे खाल्ले. एक वाजल्यावर वसंतराव उठले. सुतळी त्यांनी गुंडाळून खिशात ठेवली. मी ती परत मागितली नाही.

घरी

समितीत अहवाल मी वाचला. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे जबाब वाचले होते, घरचा हा पहिलाच. आठ जण आपणहून चढल्याचं मी तोंडी सांगितलं, तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढला. चिंचोक्याचं कलम त्यांनी दोनदा वाचायला लावलं. कोणी हसलं नाही. शेवटी ते पाथरवटाला म्हणाले, "खाली एका नावाची जागा आहे ना?" तो म्हणाला, आहे.

मी घाईनं घरी आलो. आत्या ओट्यावर बसली होती. दगडाचं सांगितलं, ते तिनं ऐकून घेतलं. मग मी कागद काढून शेवटचं कलम वाचलं.

"खंयच्या हाताक बांधल्यानी?" तिनं विचारलं.

"डाव्या."

"हां. गाठ उजव्यानच मारूची." तिनं आपला उजवा हात उचलला, अंगठा आणि दोन बोटं हवेत फिरवली, आणि हात मांडीवर ठेवला. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. वडील पळाले नाहीत, हे ऐकायला ती पंच्याहत्तर वर्षं थांबली होती. पण पळाले नाहीत म्हणजे काय, ते माझ्या आधी तिच्या ध्यानात आलं.

ती भिंतीला धरून उठली. पदर खोचला.

"बाबू, पाणी तापय," ती म्हणाली. "बाबा गेले."

मी चूल पेटवली. आधी तिनं आंघोळ केली, मग मी.